अंबिया, तीस मिली

सात एप्रिल, सोमवार. सकाळी साडेआठला आत्याच्या घरातल्या मागच्या खोलीत होतं ते असं: तीस मिलीच्या काचेच्या बाटल्या दोनशे पन्नास, त्यांचे पंप दोनशे पन्नास, झाकणं दोनशे अठ्ठेचाळीस (पुरवठादाराने दोन कमी पाठवली आणि शेवटपर्यंत ते कबूल केलं नाही), पंप बाटलीवर कायमचा दाबून बसवायचं हातयंत्र एक, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा वजनकाटा एक, आणि स्टीलच्या डब्यात साडेसात लिटर ‘अंबिया’.

अंबिया हे माझ्या परफ्यूमचं नाव. संत्र्याला जानेवारी-फेब्रुवारीत जो बहर येतो त्याला आमच्याकडे अंबिया बहार म्हणतात. वरूडजवळ आत्याचे दीर किसनराव यांची बाग आहे. तिथे झाडांखाली जुनी लुगडी अंथरून मी अठरा दिवस गळलेली फुलं वेचली. झाडावरचं एक जरी तोडलं असतं तरी किसनरावांनी मला बागेबाहेर काढलं असतं. फुलांचा अर्क, संत्र्याच्या सालीचं तेल, पेरूचा वास देणारं एक तयार मिश्रण आणि थोडा मोगरा. पहिली पंधरा-वीस मिनिटं साल आणि पेरू, मग संत्र्याचं फूल, शेवटी मोगरा. हलका वास. लग्नकार्याचा नाही. कॉलेजला, ऑफिसला निघताना एकदा पंप दाबायचा आणि विसरून जायचं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. आई-बाबा नांदगाव खंडेश्वरला शेती करतात. मी अकरावीपासून अमरावतीत, साईनगरला, गंगूआत्याकडे राहते. ती बाबांची मोठी बहीण. मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, गेले त्याला बारा वर्षं झाली. त्यांना एकच मुलगी, सीमा. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी सीमाताई बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्यायला पहाटेच्या एसटीने अकोल्याला गेली. ती अकोला स्टँडवर उतरली हे कंडक्टरने सांगितलं. परीक्षा केंद्रावर तिच्या नंबरासमोरची सहीची चौकट कोरी होती. एवढीच माहिती. त्यापुढे काही नाही. तेव्हा ती बावीसची होती. आत्या तिच्याबद्दल अजून वर्तमानकाळात बोलते, आणि नऊ वर्षांत आमच्यापैकी कोणी तिला टोकलेलं नाही.

तर भरण्याच्या दिवशी झालं ते लिहिते, कारण नंतर त्यावरून फार डोकं खाल्लं गेलं.

किसनरावांच्या घरी रीत आहे. तोडणी सुरू झाली की पहिली टोपली तोलायची नाही, विकायची नाही. ती लेकीची. लेक जिथे असेल तिथे पोचवायची. मी पहिली बाटली भरली तशी आत्याने ती माझ्या हातातून घेतली, काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, “हे सीमाची.”

“आत्या, अजून पंप बसवायचा आहे तिच्यावर.”

“बसव मंग. पयले देवापाशी ठेवू दे.”

तिने ती उघडी बाटली देवघरात नेऊन समईच्या शेजारी ठेवली. ऐंशी टक्के अल्कोहोल, जळत्या वातीपासून वीतभर अंतरावर. मी हात जोडायचे बाकी ठेवले. ती भाजी घ्यायला बाहेर पडल्याबरोबर मी बाटली उचलून आणली. शिवाय भरण्याच्या नळीत आधीचं पाणी, हवा राहिलेली असते, म्हणून पहिल्या तीन-चार बाटल्या नेहमी परत डब्यात ओततात. तशी तीही ओतली. डबा ढवळला. सगळं एकजीव झालं. मग दुपारी त्याच बाटलीत पुन्हा भरून, पंप दाबून, कुंकवाचा ठिपका जागेवर आहे ना ते पाहून ती देवघरात नेऊन ठेवली. आत्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात मला काही वाटलं नाही.

एकूण दोनशे चव्वेचाळीस भरल्या. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीचं वजन वहीत. एकशे वीस अकोल्याच्या चंदनभाऊंच्या दुकानात गेल्या, चाळीस ओळखीत, त्र्याऐंशी कपाटात आणि एक देवघरात.

अठ्ठावीस एप्रिलला चंदनभाऊंचा फोन आला.

“मॅडम, माल कमी भरला तुमी.”

“चंदनभाऊ, एकेक बाटली तोलून पाठवली आहे.”

“ते तुमच्या काट्यावर. गिऱ्हाईकाच्या डोळ्याले कोणता काटा लावू? सीलपॅक बाटली, अन् माल गळ्याच्या खाली. दुसऱ्या कंपनीची बाजूले ठेवून दाखवते ते मले. म्हणते, यात पाणी कमी काहून?”

“पाणी नाही ते.”

“तेच म्हणतो ना! पाणी असतं तर मीच भरून टाकलं असतं.”

मला राग आला. पण फोन ठेवल्यावर कपाट उघडून पाहिलं तर माझ्याही बाटल्यांची पातळी तीन-एक मिलिमीटर खाली होती. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी. संध्याकाळपर्यंत सगळ्या पुन्हा तोलल्या. प्रत्येकीत घट १.०४ ग्रॅम. ऐंशी बाटल्यांत नेमकी तेवढी, तिघींत १.०३.

एखादी गळाली असती तर मी समजू शकले असते. अमरावतीत तेव्हा त्रेचाळीस अंश तापमान होतं. अल्कोहोल उडून गेलं म्हणावं, तर खिडकीकडच्या फळीवरच्या बाटल्यांतून जास्त उडायला हवं होतं. आणि एवढं अल्कोहोल उडालं तर कपाट उघडताच वास अंगावर यायला हवा. कपाटाला कपाटाचा वास होता. काटा बिघडला म्हणावा, तर पन्नास ग्रॅमचं प्रमाणित वजन पन्नासच दाखवत होतं. त्याच लॉटचे पंप लावून पाणी भरलेल्या पाच बाटल्या मी जानेवारीत करून ठेवल्या होत्या. त्यांच्यात घट शून्य. मार्चमधल्या प्रयोगाच्या, याच फुलांच्या, दहा बाटल्या होत्या. त्यांच्यातही शून्य.

म्हणजे दोष बाटलीचा नाही, पंपाचा नाही, मिश्रणाचा नाही. फक्त सात एप्रिलला त्या डब्यातून जे निघालं त्याचा. अशा निष्कर्षाचं काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी बाटली क्रमांक १७ तोलू लागले. एकोणतीस एप्रिल: ०.०८. तीस: ०.०८. एक मे: ०.००. दोन मे: ०.०८. तीन, शनिवार: ०.०८. चार, रविवार: ०.००. पुढचे पाच दिवस ०.०८. दहा मे, शनिवार: ०.००. मागच्या शनिवारी होती, या शनिवारी नाही. बाष्पीभवन सुट्टी घेत नाही. मी दोन रात्री वहीवर डोकं ठेवून झोपले.

आणखी एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण लिहायला हात होत नव्हता. तो पंप एकदा पूर्ण दाबला की ०.०८ ग्रॅम बाहेर पडतं. पंपाच्या डब्यावर तसं छापलेलंच आहे.

बारा मेला, सोमवारी, आत्या कसलेसे कागद द्यायला बँकेत गेली आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन परत आली.

“बंद हाये बँक! बुद्धपौर्णिमा हाये म्हणे. तू कावून सांगतलं नाही व? दिवसभर मोबाईलमधी डोकं घालून राहते, अन् घरच्या माणसाले इतकं सांगता येत नाही.”

“मला काय माहीत, आत्या. माझं काम होतं का बँकेत?”

त्या दिवशी संध्याकाळची वाट न पाहता मी १७ नंबर तोलत होते. ०.००. आत्या पाण्याचा ग्लास घेऊन माझ्या मागे उभी राहिली. तिला वही वाचता येते. तारखा आणि आकडे तर नक्कीच. तिने पाणी संपवलं. मग तिने बोट ठेवलं. “एक मेलेही बंद होती. अन् हे दहा तारीख, दुसरा शनिवार. दुसऱ्या अन् चौथ्या शनिवारी बँक बंद राहते.”

मी कॅलेंडर काढलं. आठ एप्रिल ते अठ्ठावीस एप्रिल. रविवार, दुसरा-चौथा शनिवार, महावीर जयंती, आंबेडकर जयंती, गुड फ्रायडे वजा केले. उरले तेरा दिवस. तेरा गुणिले ०.०८ म्हणजे १.०४.

आत्या स्टुलावर बसली. “पोरगी नोकरीवर लागली,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीला सांगावं तसा.

“आत्या, हा योगायोग आहे.”

“बरं.”

“सीलबंद बाटल्या आहेत. कोणी वापरू शकत नाही त्या. आणि तुझी ती पहिली बाटली, ती मी तेव्हाच परत डब्यात ओतली होती. देवापाशी आहे ती दुसरीच भरलेली. म्हणजे तुझ्या हिशोबानंही त्याला काही अर्थ नाही.”

रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून. मला वाटलं ती चिडेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग कपाटाकडे.

“म्हणजे सगळ्याच तिच्या झाल्या,” ती म्हणाली.

तेरा तारखेला मी १७ नंबर काट्यावर ठेवली, वर काचेची बरणी पालथी घातली आणि समोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आकडा बदलला. हळूहळू नाही, एका झटक्यात ०.०८ ने. झाकण जागेवर होतं. बरणी उचलून मी आत नाक घातलं. काही नाही. चौदाला नऊ बारा. पंधराला नऊ बारा. मी तो व्हिडिओ विद्यापीठातल्या आमच्या सरांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. काय समजले असतील, देव जाणे.

चंदनभाऊंनी एकेचाळीस बाटल्या परत न्या म्हणून तगादा लावला होता. बावीस मेला, गुरुवारी, मी निघाले तर आत्या पायरीवर तयार होऊन बसलेली. हातात पिशवी, पिशवीत सीमाताईचा फोटो.

“आत्या, ऊन बघ. आणि अकोल्यात बँकांच्या शाखा किती आहेत, माहीत आहे का तुला?”

“तुले माहीत हाये का?”

“नाही.”

“मंग चाल. मोजत मोजत जाऊ.”

मूर्तिजापूरमार्गे एसटीने दोन तास दहा मिनिटं लागली. चंदनभाऊंनी खोका माझ्या हातात दिला आणि आत्याला थंड पाणी दिलं. “काकू, तुमची भाची हुशार हाये, पण हात आखडता हाये,” असं वर ऐकवलं. त्यानंतर आम्ही त्या उन्हात खोका आणि फोटो घेऊन बँकेमागून बँक हिंडलो. कुठे मान हलवायचे, कुठे फोटो न बघताच टोकन घ्या म्हणायचे. पाचव्या शाखेत मी आत्याला म्हटलं, आता पुरे. तिने ऐकलं नाही.

सहावी शाखा लहान होती. नाव लिहीत नाही. दारात पन्नाशीचे एक शिपाई उभे होते, छातीवर पट्टी: देवमन. मी आत शिरताना खोक्याचा कोपरा दाराला लागला आणि आतल्या एका बाटलीचं झाकण निघालं असावं. देवमनजींनी नाक वर केलं.

“ताई, हे काय हाये खोक्यात?”

“परफ्यूम आहे.”

“मंग हे आमच्या चार नंबरचं हाये.”

आत्या थांबली. मी विचारलं, “चार नंबरवर कोण बसतं?”

“कोणी नाही. साहेबांची बदली झाली, दोन वर्षं झाले, जागा भरलीच नाही. कम्प्युटरही काढून नेला. आमी तिथी जुन्या फायली ठेवतो.” ते हसले. “पण वास येते. दहाले येते, पाचले जाते. आमच्या मॅडम म्हणते एसीतून येत असन. एसी तर मार्चपासून बंद हाये, बापा.”

“कधीपासून येतो वास?”

“झाला महिना-दीड महिना.”

चार नंबर खांबाच्या आड होतं. काचेमागे लोखंडी खुर्ची, फायलींचे गठ्ठे, बंद पंखा. मी काचेच्या अर्धगोल फटीजवळ वाकले. माझंच मिश्रण होतं, त्यात शंका नाही. पण बाटली उघडल्यावर येतो तो वास नव्हता. सालीचा भाग संपला होता, पेरू गेला होता, फुलाचा उतरत आलेला आणि मोगरा वर आलेला. कागदाच्या पट्टीवर ओढलं तर अंबिया असा येत नाही. कागदावर मोगरा चपटा पडतो. तो असा येतो उबदार कातडीवर, लावल्याला तीन-साडेतीन तास झाले की. मार्चमध्ये मी तो माझ्या मनगटावर चाळीस वेळा तपासला होता, घड्याळ लावून.

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

खुर्चीवर धूळ नव्हती. देवमनजी पुसत असतील. मी विचारलं नाही.

आत्याने वाकून वास घेतला नाही. ती समोरच्या बाकावर बसली, पदर नीट केला आणि बघत राहिली. तिला उठवायला मला पावणेपाच वाजले.

त्यानंतर ती रोज जायला लागली. सकाळी सातची एसटी, डब्यात दोन पोळ्या. बासष्ट वर्षांची बाई, बाहेर चव्वेचाळीस अंश. मी ओरडले, बाबांना नांदगावहून बोलावलं, बाबा दोन दिवस समजावून परत गेले. जाताना मलाच म्हणाले, “जाऊ दे. नऊ वर्षांत तिले कोठी जावं हेच समजत नव्हतं.” मी देवमनजींचा नंबर घेऊन ठेवला. दुपारी एकदा फोन करायचे. “बसल्या हायेत,” ते सांगायचे. “पाणी देलं. तरास नाही कोणाले. टोकनाची लाईन लावते त्या, म्हाताऱ्यायची.”

संध्याकाळी आत्या घरी येऊन कणिक मळायची आणि बोलायची, जणू कॉलेजातून आलेल्या पोरीची हकीकत सांगते आहे.

“आज भीड होती. डोकं वर काढाले फुरसत नव्हती तिले.”

“तू बोलतेस का तिच्याशी?”

“कामात असते ना ती. कामाच्या माणसाशी कोणी बोलते का? तूही पागलच हायेस.”

नऊ जूनला, सोमवारी, ती म्हणाली, “आज उशिरा आली. साडेदहा झाले होते. मॅडम रागावली असन.”

मी मागच्या खोलीत गेले. आत्या सकाळी सहालाच घराबाहेर पडली होती. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी अजून पाहिलं नव्हतं. आकडा बदलला होता नऊ वाजून सदतीस मिनिटांनी.

तेव्हा मी घाबरले, हे लिहायला हवं. तोपर्यंत मी फक्त वैतागले होते. वैताग बरा असतो. त्यात आपण काहीतरी करू शकतो असं वाटत राहतं. आत्या वाळत चालली होती. सुटीला घरी असली तरी नऊच्या सुमारास दारात जाऊन उभी राहायची, कोणाला तरी निरोप द्यावा तशी. मला वाटलं, हे आपण केलं आहे आणि आपणच थांबवायचं. सगळा लॉट परत मागवायचा आणि ओतून टाकायचा. चंदनभाऊंकडून उरलेल्या आल्या, ओळखीतल्यांकडून आल्या. विकल्या गेलेल्या एकोणीस सोडून सगळ्या माझ्या खोलीत जमल्या. देवघरातली धरून दोनशे पंचवीस.

मी आत्याला सांगितलं, “अठ्ठावीस जूनला हे सगळं फेकणार आहे.” तारीख चौथ्या शनिवारची होती. ती मी का निवडली, हे मी स्वतःला विचारलं नाही. आत्याला विचारायची गरज पडली नाही.

“सुटीच्या दिवशी बरं हाये,” ती म्हणाली. “तिले लागणार नाही.”

“आत्या, ती तिथे नाहीये.”

“मले माहीत हाये ती कोठी नाही ते.” ती शांतपणे भाजी निवडत होती. “नऊ वर्षं तेच तर पाहून राहिली ना मी. पोलीस स्टेशनात नाही, दवाखान्यात नाही. पयल्यांदा एका जागी काही हाये, तर तू म्हणते फेकतो.”

“तुझी तब्येत बघ.”

“माही तब्येत तूच पाह्य. मले टाईम नाही.”

सव्वीसला, गुरुवारी संध्याकाळी, तिने मला विचारलं, “हे किती डाव दाबा लागते?”

“काय?”

“तुहं अत्तर.”

आत्याने आयुष्यात कधी काही लावलेलं मी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातल्या अत्तरानेही तिला शिंका आल्या होत्या म्हणे.

“एकदा,” मी म्हटलं. “रोजच्या वापराचं आहे.”

“एक डाव,” ती म्हणाली आणि मान हलवली.

सत्तावीसला ती नेहमीसारखी गेली. निळ्या काठाचं लुगडं होतं, चांगल्यातलं. दुपारी एकला देवमनजी म्हणाले, “बसल्या हायेत.”

साडेसातची एसटी आली. आठची आली. मी स्टँडवर होते.

देवमनजींना फोन केला. ते म्हणाले, “ताई, मी तुमाले फोन करणारच होतो. पाच वाजता बाकावर नव्हत्या. पिशवी हाये. डबा हाये. चपला हायेत, बाकाखाली, बरोबर जोडून ठेवल्या.”

“बाहेर गेल्या असतील.”

“दार मीच लावतो, ताई. बाहेर जाताना मी नाही पाह्यलं.”

मी रात्री बाबांना घेऊन अकोल्याला गेले. पोलीस आले. सकाळी मॅनेजर मॅडमनी कॅमेरा दाखवला. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आत्या बाकावरून उठते. पदर सारखा करते. अनवाणी चार नंबरकडे चालत जाते आणि खांबाच्या आड होते. कॅमेरा तिथे वळत नाही. आम्ही रात्री अकरापर्यंतचं रेकॉर्डिंग पाहिलं. खांबाच्या या बाजूला कोणी येत नाही.

खांबाच्या त्या बाजूला भिंत आहे. मी ती हाताने तपासली.

देवमनजी दारात उभे होते. “आज सुटी, तरी मी वास पाह्यला,” ते मला हळू आवाजात म्हणाले. “नाही येत.”

शनिवारी काही फेकलं नाही. रविवारी मी घरी येऊन बाटल्या मोजल्या. कपाटात आणि जमिनीवर दोनशे चोवीस, देवघरात एक. सगळ्या बंद. कुठल्याही पंपाला हात लागलेला नाही.

बाबा अकोल्यालाच थांबले. घरात मी एकटी होते. रात्रभर पंख्याचा आवाज ऐकला.

सकाळी उठून १७ नंबर काट्यावर ठेवली. बरणी पालथी घातली. मोबाईल लावला नाही. स्वतः समोर बसले.

सोमवार, ३० जून. वेळ ९.१२. घट ०.१६ ग्रॅम.